घरच्या संगणकाचा बॅकअप: कोणत्या संकटात कोणती प्रत उरेल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरला हिंदमाताच्या बाजूस तळमजल्यावर घर आहे, विंडोजचा एक डेस्कटॉप आहे आणि त्यावर सुमारे ४०० जीबी साठा आहे. त्यात घरातील सगळी छायाचित्रे, प्राप्तिकराची कागदपत्रे, सेक्रेटरी या नात्याने टॅलीमध्ये ठेवलेले सोसायटीचे हिशोब आणि वडिलांनी संगणकावर टंकून ठेवलेले मराठी लेखन आहे. एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडलेली असते आणि काही फोल्डर वनड्राइव्हवर आपोआप जातात. आता हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह आणि क्लाउड यांपैकी सर्वांत सुरक्षित काय, हे आपल्याला ठरवायचे आहे.

मुंबईतील घरांमधले आणि छोट्या कार्यालयांमधले संगणक सांभाळण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो की, या तिघांत एकाची निवड करण्याचा विचार आपण आधी बाजूला ठेवावा. कोणतेही साधन स्वतःहून सुरक्षित नसते. ते कुठे ठेवले आहे, कशाला जोडलेले आहे आणि कोणाच्या हाताला लागू शकते, यावर त्याची सुरक्षितता ठरते. म्हणून प्रत्येक संभाव्य संकट डोळ्यांसमोर आणावे आणि ते घडल्यानंतर आपल्याजवळ कोणती प्रत उरेल, एवढेच विचारावे. उत्तर ‘एकही नाही’ असे येईल, तिथे व्यवस्थेत भोक आहे असे समजावे.

आपल्या सध्याच्या व्यवस्थेला हा प्रश्न लावून पाहू. संगणकातील डिस्क बंद पडली, तर जोडलेली एक्स्टर्नल डिस्क उपयोगी पडेल आणि त्या एका बाबतीत आपण निश्चिंत आहात. घरात पाणी शिरले, तर मात्र एकाच टेबलावरच्या दोन्ही वस्तू एकदम जातील. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा उपनगरांतील तळमजल्यांवरच्या कितीतरी घरांत टेबलाच्या उंचीपर्यंत पाणी होते. हिंदमाताला तुंबणारे पावसाचे पाणी साठवण्यासाठी महापालिकेने अलीकडे परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या बांधल्या आहेत हे खरे, परंतु घरातील एकमेव प्रत त्या टाक्यांच्या भरवशावर ठेवावी असे मी म्हणणार नाही. चोरी, आग, शॉर्टसर्किट किंवा विजेचा दाब अचानक वाढणे, यांतही निकाल तोच लागतो.

त्याहून वाईट संकट रॅन्समवेअरचे आहे. हा प्रोग्राम संगणकात शिरला की त्याला दिसणाऱ्या सर्व ड्राइव्हवरील फाइली कुलूपबंद करतो आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागतो. कायम जोडलेली एक्स्टर्नल डिस्क त्याच्या दृष्टीने संगणकाचाच भाग असते. घरगुती संगणकावर ही पीडा बहुधा फुकट मिळालेल्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरमधून येते. एखादे महागडे सॉफ्टवेअर कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणून देतो, अँटिव्हायरस बंद करून ते बसवायला सांगतो आणि पुढचे आपोआप घडते. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर ठप्प केली आणि आपल्या शेजारच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. रॅन्समवेअरसारखा दिसणारा हा हल्ला प्रत्यक्षात नासधूस करण्यासाठीच होता. मर्स्कच्या सर्व वापरकर्त्यांची व संगणकांची नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर पुसले गेले, कारण ते एकमेकांना जोडलेले असल्याने एकाच्या प्रती दुसऱ्यावर असूनही सगळे एकदम सापडले. घानामधील कार्यालयात त्या वेळी वीज गेलेली असल्याने तिथला एकच सर्व्हर जाळ्याबाहेर राहिला होता. पुढची उभारणी त्या एका प्रतीवरून झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला योगायोगाने मिळालेली ही सुरक्षितता घरी आपल्याला यूएसबी केबल काढून ठेवून मिळते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, बॅकअपची डिस्क काम झाल्यावर ‘सेफली रिमूव्ह’ करून काढावी आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवावी.

वनड्राइव्हविषयी थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण इथे फार गैरसमज आहेत. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउड यांचे मूळ काम दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवणे, म्हणजे सिंक करणे, हे आहे. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते आणि इथे बिघडली की बिघडलेलीच वर जाते. पुसलेली फाइल वैयक्तिक खात्याच्या रीसायकल बिनमध्ये साधारण ३० दिवस राहते. मुलाने चुकून उडवलेले फोल्डर आपल्याला दिवाळीत आठवले आणि ते गणपतीच्या आधी उडालेले असेल, तर ती मुदत केव्हाच संपलेली असते. विंडोज ११ मध्ये ‘विंडोज बॅकअप’ या नावाने जे दाखवले जाते, तेही फाइलींच्या बाबतीत मुख्यतः वनड्राइव्हवरच पाठवण्याचे काम करते आणि त्या नावामुळे भलेभले फसतात.

दुसरी अडचण जागेची आहे. वनड्राइव्हवर ५ जीबी आणि गूगलच्या खात्यावर जीमेल व फोटो धरून १५ जीबी जागा फुकट मिळते. तेव्हा आपल्या ४०० जीबीपैकी नेमके काय वर गेले आहे, हे आजच उघडून पाहावे. तिसरी अडचण सर्वांत फसवी आहे. वनड्राइव्ह चालू असलेल्या संगणकावर ज्या फाइलींपुढे ढगाचे चिन्ह दिसते, त्या संगणकावर नसतातच, फक्त त्यांची नावे असतात. अशा फाइली डिस्कवरच्या बॅकअपमधून निसटू शकतात. महत्त्वाच्या फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावे आणि चिन्ह हिरवे झाल्यावरच बॅकअप घ्यावा.

एवढे सांगूनही मी क्लाउडच्या विरोधात नाही. मुंबईत पूर आला तरी शाबूत राहणारी आणि आपण आळस केला तरी ताजी राहणारी प्रत दुसऱ्या कोणत्याही साधनाने इतक्या सहज मिळत नाही. मात्र आपल्या बाबतीत तिच्यावर सगळा भार टाकण्याची गरज नाही. प्राप्तिकराची कागदपत्रे, सोसायटीचे हिशोब आणि वडिलांचे लेखन हे सगळे मिळून काही जीबीच भरेल. ते अवश्य क्लाउडवर ठेवावे. जागा खाणारी छायाचित्रे आहेत, आणि तीही वर ठेवायची असतील तर पैसे देऊन जागा घ्यावी लागेल. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वैयक्तिक योजनेत १ टीबी जागा मिळते आणि गेल्या ३० दिवसांतील एखाद्या दिवशी जशी स्थिती होती, तशी संपूर्ण वनड्राइव्ह मागे नेण्याची सोयही असते. रॅन्समवेअरनंतर ती खरोखर कामाला येते. पहिल्यांदा वर चढवताना मात्र धीर धरावा लागतो. ४० एमबीपीएसच्या अपलोड वेगाने ४०० जीबी जायला अखंड २२ तास लागतात, आणि केबलवाल्याने सांगितलेला वेग पुष्कळदा डाउनलोडचा असतो. कागदपत्रे आधी पाठवावीत, छायाचित्रे नंतर रात्री रात्री जाऊ द्यावीत.

आता प्रत्यक्ष व्यवस्था. आपण १ किंवा २ टीबीच्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्याव्यात, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच लॉटमधला दोष दोन्हींत येणार नाही. एक घरी, केबल काढून, आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवावी. डोंबिवलीला बहीण असेल, ठाण्याला मुलगा असेल, नाहीतर बँकेचा लॉकरही चालतो. त्याच इमारतीतील शेजाऱ्यांकडे ठेवलेली डिस्क मी दुसऱ्या ठिकाणची धरत नाही, कारण आग, गळती किंवा पुनर्विकासाची घाईगर्दी इमारतीला एकत्रच भोगावी लागते. महिन्यातून एकदा दोन्हींची अदलाबदल करावी. तारीख लक्षात राहत नाही अशी सबब मी बऱ्याच घरांत ऐकतो. तिथे मी संकष्टी धरायला सांगतो, कारण ती घरात कुणालातरी आठवतेच. ज्यांना ही ये-जा जमणार नाही असे प्रामाणिकपणे वाटते, त्यांनी दुसऱ्या डिस्कऐवजी सरळ क्लाउडची मोठी जागा विकत घ्यावी. पाळली न जाणारी उत्तम पद्धत माझ्या लेखी निरुपयोगी आहे.

पेन ड्राइव्ह आणि एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) यांत विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात माहिती साठते आणि वीज न मिळता पडून राहिल्यास तो भार हळूहळू ओसरतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचे मानक असे की, लिहिण्याची ठरलेली क्षमता संपत आल्यावरही ३० अंश सेल्सिअसला ती बंद स्थितीत एक वर्ष माहिती टिकवू शकली पाहिजे. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकवते, परंतु उष्णता वाढली की मुदत घटते, आणि मुंबईतल्या बंद कपाटात मे महिन्यात किती गरम होते ते आपण जाणताच. रोजच्या वापरासाठी एसएसडी उत्तम, वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या प्रतीसाठी साधी फिरती हार्ड डिस्क बरी. तिचे दुखणे वेगळे आहे. ती पडली की मेलीच म्हणून समजावे, विशेषतः चालू असताना. लोकलमधून नेताना पिशवीत मोकळी टाकू नये, जाड कव्हरमध्ये न्यावी. सीडी-डीव्हीडीवर जुनी छायाचित्रे असतील तर ती आधी डिस्कवर उतरवून घ्यावीत, कारण आपल्या दमट हवेत त्यांवर बुरशी चढते. डिस्क ठेवताना झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकली की पावसाळ्याची चिंता बरीच कमी होते.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर करा नाहीतर ऑनलाइन करा, पण पक्के बिल आणि वॉरंटी घेतल्याशिवाय करू नका. अगदी स्वस्तात मिळणारे २ टीबीचे पेन ड्राइव्ह हमखास बनावट असतात. आत चिप ३२ किंवा ६४ जीबीची असते, संगणकाला आकडा मात्र खोटा सांगितला जातो आणि जागा संपल्यावर नव्या फाइली नुसत्याच वाया जातात. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम पूर्ण जागा भरून आणि परत वाचून ही लबाडी उघडी पाडतो.

सॉफ्टवेअर निवडताना मी मुद्दाम दोन डिस्कना दोन पद्धती लावतो. पहिल्या डिस्कवर विंडोजमधीलच ‘फाइल हिस्ट्री’ चालू करावी. ती कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते आणि डिस्क जोडलेली असताना बदललेल्या फाइलींच्या नव्या प्रती, मूळ मांडणीनुसार दर तासाला, जुन्या न पुसता जमा करत जाते, त्यामुळे मागच्या महिन्यातला मसुदाही परत मिळतो. दुसऱ्या डिस्कवर साधी, उघडून वाचता येईल अशी प्रत असावी, जी कोणत्याही संगणकाला लावली की कोणतेही खास सॉफ्टवेअर न बसवता दिसेल. त्यासाठी ‘फ्रीफाइलसिंक’ हा विनामूल्य प्रोग्राम मी वापरतो. त्यात ‘मिरर’ हा पर्याय निवडल्यास संगणकावर नसलेली फाइल डिस्कवरूनही काढली जाते, हे ध्यानात ठेवावे आणि काढलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जपण्याची ‘व्हर्जनिंग’ची सोय आधी चालू करावी. दोन-चार डिस्कवर एकाच वेळी साठवणारी ‘रेड’ (RAID) पेटी घेण्याचा सल्ला कुणी दिला, तर ती पेटी डिस्क बंद पडण्यापासून वाचवते, पुसले जाण्यापासून, रॅन्समवेअरपासून किंवा पुरापासून नाही, एवढे पुरे.

टॅलीचे हिशोब नुसते फोल्डर ओढून नक्कल करू नयेत. टॅली उघडी असताना काही फाइली अर्ध्या लिहिलेल्या असतात आणि तशी नक्कल परत उघडेलच असे नाही. टॅलीतील स्वतःची बॅकअपची सोय वापरावी आणि तयार झालेल्या फाइली तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. ३१ मार्चला ‘वर्ल्ड बॅकअप डे’ पाळतात आणि आपले आर्थिक वर्षही त्याच दिवशी संपते, हा योग सेक्रेटरींच्या सोयीचाच आहे. लेखापरीक्षण झाल्यावर त्या वर्षाची एक प्रत वेगळी काढावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. ती पुढच्या कमिटीकडेही द्यावी, कारण हे हिशोब शेवटी सोसायटीचे आहेत.

वडिलांच्या लेखनाबाबत मला सर्वांत अधिक काळजी वाटते, आणि इथे कोणतीही हार्ड डिस्क आपल्याला वाचवणार नाही. युनिकोड रुळण्यापूर्वीचे मराठी लेखन बहुधा श्री-लिपी, आकृती किंवा तत्सम फाँटमध्ये असते. त्या फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि तो विशिष्ट फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा निरर्थक खच दिसतो. फाइल सुखरूप असते, मजकूर मात्र कुणालाच वाचता येत नाही. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच तिथले फाँट काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावेत. या फाँटच्या सॉफ्टवेअरच्या काही जुन्या आवृत्त्या संगणकाला डोंगल, म्हणजे परवाना ओळखणारे छोटे उपकरण, लावल्याशिवाय चालत नाहीत, तोही जपावा. त्यानंतर प्रत्येक लेखाची पीडीएफ करावी, म्हणजे फाँट त्यातच बंदिस्त होतो आणि रूप कायमचे टिकते. तिसरी पायरी युनिकोडमध्ये रूपांतर करण्याची. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण ते रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे यांच्यापाशी अडखळतात, तेव्हा पीडीएफ शेजारी ठेवून एकदा वाचून काढावे. मूळ फाइल, पीडीएफ आणि युनिकोड, तिन्ही ठेवावे. लेखन पेजमेकरमध्ये असेल तर अधिक घाई करावी, कारण त्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ मधली आहे आणि आजच्या संगणकावर ती चालवणारे डीटीपीवाले शोधावे लागतात.

घराबाहेर जाणाऱ्या डिस्कवर पॅन, आधार, बँकेची विवरणे असतील, तर ती हरवल्यास काय, हाही विचार करावा लागतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकरने पूर्ण डिस्क कुलूपबंद करता येते. होम आवृत्तीत अशी डिस्क उघडता येते, बनवता येत नाही, तिथे व्हेराक्रिप्ट हा विनामूल्य पर्याय आहे. मी मात्र सरसकट सगळे कुलूपबंद करायला सांगत नाही. कागदपत्रांचे फोल्डर तेवढे कुलूपबंद करावे आणि छायाचित्रे मोकळी ठेवावीत. घरगुती छायाचित्रांची चोरी होण्यापेक्षा पासवर्ड विसरल्यामुळे ती कायमची जाण्याचे प्रसंग मी अधिक पाहिले आहेत. पासवर्ड कागदावर लिहून डिस्क असलेल्या घराखेरीज दुसऱ्या घरात ठेवावा आणि घरातील आणखी एका माणसाला तो कुठे आहे हे माहीत असावे. याच ओघात आपला डेस्कटॉप विंडोज ११ चा असेल, तर त्याची आतली डिस्क आपल्या नकळत कुलूपबंद झालेली असू शकते. मदरबोर्ड बदलल्यावर संगणक हे कुलूप उघडणारी ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागतो. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसते का, हे दुरुस्तीची वेळ येण्यापूर्वीच पाहून छापून घ्यावे.

क्लाउडच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी आणि तिचे बॅकअप कोड छापून ठेवावेत, म्हणजे मोबाइल हरवला तर खातेही हरवणार नाही. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल बंद करू शकते. वडिलांच्या नावाचे जुने खाते असेल तर त्यात अधूनमधून लॉगिन करत राहावे आणि त्यातील सामान लवकर उतरवून घ्यावे.

बॅकअप घेतला आहे असे सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो कधी उघडून पाहिलेला असतो. दर अदलाबदलीच्या वेळी वेगवेगळ्या वर्षांतील चार-पाच फाइली डिस्कवरूनच उघडाव्यात, त्यात एक व्हिडिओ असावा, कारण अर्धवट नक्कल झालेला व्हिडिओ मध्येच थांबतो आणि दोष लगेच कळतो. वर्षातून एकदा दुसऱ्या संगणकावर टॅलीचा बॅकअप परत बसवून ताळेबंदाचे आकडे जुळतात का ते पाहावे. वडिलांची फाइल मात्र अशा संगणकावर उघडून पाहावी, ज्यावर मराठीचा जुना फाँट कधीच बसवलेला नव्हता.

कामाचा क्रम सांगायचा तर, आज केबल काढावी. या आठवड्यात कागदपत्रे आणि लेखन क्लाउडवर जावे. पावसाळ्यापूर्वी दुसरी डिस्क दुसऱ्या घरी पोहोचावी. सध्याची एक्स्टर्नल डिस्क जुनी झाली असेल तर तिला या दोघींत धरू नये, पण लगेच भंगारातही देऊ नये. नव्या दोन्ही डिस्कवरील प्रती तपासून होईपर्यंत ती तशीच कपाटात राहू द्यावी, आणि देतानाही ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे. त्याला काही तास लागतात, पण त्यात संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात आणि आपली प्राप्तिकराची कागदपत्रे जुन्या बाजारात कुणाच्या हाती लागत नाहीत.